कॉफीचे वय

तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयातील मोडी कागदपत्रे पाहण्याच्या निमित्ताने काही दिवस त्या शहरी राहण्याचा योग मला आला. व्यंकोजीराजे भोसले यांनी १६७५च्या सुमारास तेथे मराठी राज्य स्थापिले. १७९९ साली त्याचा कारभार कंपनी सरकारकडे गेला आणि १८५५ साली शेवटच्या शिवाजीराजांच्या निधनानंतर राजपदही उरले नाही. त्या राज्याबरोबर दक्षिणेत गेलेली मराठी कुटुंबे मात्र तेथेच राहिली. त्यांच्या घरांतून अद्यापही मराठी बोलली जाते. तमिळ शब्द तिच्यात पाहुण्यासारखे येत नाहीत, घरच्यासारखे येऊन बसतात. अशाच एका घरी माझी उतरण्याची सोय झाली होती. मोडी कागदांविषयी सांगण्याजोगे पुष्कळ आहे. परंतु येथे सांगावयाचे आहे ते त्या घरी पहाटे साडेपाच वाजता मिळणाऱ्या कॉफीविषयी, आणि त्या कॉफीने माझी जी फजिती केली तिच्याविषयी.

पहिल्याच सकाळी पितळी पेला हाती आला. वर बोटभर फेस, खाली पसरट दवरा. एक घोट घेऊन मी मोठ्या जाणतेपणाने म्हणालो, “वा! ही खरी कॉफी. हिच्यात चिकोरीचा लवलेश नाही.” यजमान निवृत्त शिक्षक. शिक्षकाला चुकीचे उत्तर ऐकण्याची सवय असते. ते नुसते हसले. दुसऱ्या दिवशी बोलता बोलता त्यांनी सांगितले की, त्यांच्या घरी पाच भागांत एक भाग चिकोरी असते, आणि ती त्यांच्या वडिलांच्या वेळेपासून तशीच असते.

माझी चूक केवळ जिभेची असती तर मी ती विसरून गेलो असतो. ती चूक कानांची होती. ‘चिकोरी म्हणजे भेसळ’ असे मी वर्षानुवर्षे ऐकले होते. कॉफी आवडली, तेव्हा ती निर्भेळच असली पाहिजे असा निष्कर्ष जिभेला न विचारताच निघाला. द्राक्षमद्याच्या क्षेत्रात हा प्रकार फार जुना आहे. मद्याची पारख युरोपात शास्त्राच्या पदवीला पोहोचली आहे. कोणत्या गावची द्राक्षे, कोणत्या सालचे पीक, किती वर्षे पिंपात व किती बाटलीत, याची चर्चा तेथे चालते. आता आपल्या नाशिकच्या मद्यांविषयीही ती चालू झाली आहे. पण २००१ साली फ्रान्समधील बोर्दो येथील संशोधकांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. मद्यशास्त्राच्या चौपन्न विद्यार्थ्यांपुढे एक पांढरे मद्य ठेवले आणि तेच मद्य गंधहीन रंगाने तांबडे करून पुन्हा ठेवले. तांबड्या पेल्याचे वर्णन करताना विद्यार्थ्यांनी तांबड्या मद्यासाठी राखून ठेवलेले शब्द वापरले. वास तोच होता. डोळ्यांनी नाकाला पढवून ठेवले होते.

कॉफीच्या बाबतीत हेच काम रंग करतो. कॉफी जितकी काळी तितकी ‘कडक’, अशी आपली समजूत असते, आणि काळेपणा देण्यात चिकोरीचा हात कोणी धरणार नाही. चिकोरी हे एका निळ्या फुलांच्या झाडाचे मूळ. ते वाळवून, भाजून, दळतात. त्यात कॅफीन मुळीच नसते. पण भाजलेल्या साखरेसारखा गोडसर कडूपणा, गडद रंग आणि अर्काला येणारा दाटपणा त्यात भरपूर असतो. १८०६ साली नेपोलियनने इंग्लंडच्या व्यापाराची कोंडी आरंभिली तेव्हा युरोपात कॉफीचा तुटवडा पडला आणि हे मूळ घरोघर पोहोचले. आपल्याकडे त्याची लागवड प्रामुख्याने गुजरातेत आणि उत्तर प्रदेशात होते. सध्याच्या अन्ननियमांप्रमाणे मिश्रणात निदान ५१ टक्के कॉफी असावी लागते आणि दोन्हींचे प्रमाण पुडीवर छापावे लागते. एवढे छापले असेल तर तक्रारीला जागा नाही असे माझे मत आहे. आमटीत चिंच घालणाऱ्याला आपण भेसळखोर म्हणत नाही. न सांगता घालणे हा गुन्हा. सांगून घालणे ही पाककृती.

खुद्द कॉफीचे प्रकार किती, हे समजण्यासाठी थोडे मळ्यात जावे लागेल. सतराव्या शतकात बाबा बुढण या साधुपुरुषाने येमेनहून सात बिया आणून चिकमगळूरच्या डोंगरात लावल्या, अशी परंपरा आहे. आज आपल्या देशात दोन जाती मुख्य आहेत. अरेबिका ही उंचावरची, नाजूक, सुवासिक आणि किंचित आंबट अंगाची. रोबस्टा ही सखल भागातली, काटक, कडू आणि दाट, जिच्यात कॅफीन जवळजवळ दुप्पट असते. फळ तोडल्यावर गर काढून, आंबवून, धुऊन बी वाळविली तर एक चव येते. अख्खे फळ तसेच उन्हात वाळवून मग बी काढली तर दुसरी. पहिल्या रीतीच्या अरेबिकाला बाजारात ‘प्लँटेशन’ म्हणतात, दुसऱ्या रीतीच्या मालाला ‘चेरी’. धुतलेली कॉफी स्वच्छ व तेजस्वी लागते. उन्हात वाळलेलीत फळाचा गोडवा आणि थोडा मातकटपणा उतरतो. शिवाय एका फळात नेहमीप्रमाणे दोन चपट्या बिया न धरता एकच वाटोळी बी धरली तर ती ‘पीबेरी’. तिला अधिक दाम पडतो. तो चवीचा किती आणि डौलाचा किती, याविषयी मला शंका आहे. वाटोळे दाणे भाजताना सारखे गडगडतात व एकसारखे भाजले जातात, हा त्यांचा गुण मात्र खरा.

द्राक्षमद्याला जशी मळ्यांची नावे चिकटली तशी आपल्या कॉफीला फार काळ चिकटली नाहीत, याचे कारण चवीत नसून कायद्यात आहे. १९४२च्या कॉफी कायद्यानुसार मळेवाल्याने आपला माल कॉफी मंडळाच्या सामाईक साठ्यात द्यावयाचा, मंडळाने प्रतवारी करून तो विकावयाचा, अशी व्यवस्था होती. युद्धामुळे युरोपची बाजारपेठ बंद झाली असता त्या व्यवस्थेने मळेवाल्यांना तारले, हे विसरता येत नाही; पण मळ्याचे नाव त्या साठ्यात मिटून गेले. ही पद्धत १९९६पर्यंत चालली. म्हणून मागच्या पिढीतला जाणकार ‘अमक्या डोंगराची’ असे सांगत नसे. ‘पीबेरी निम्मी, प्लँटेशन निम्मी, वर चिकोरी इतकी’ अशा बोलीत सांगे. माझे यजमान अजून त्याच बोलीत सांगतात.

त्यांनीच तिसऱ्या दिवशी माझी परीक्षा घेण्याचे ठरविले. पद्धत साधी आणि शास्त्रसंमत होती. तीन पेले ठेवावयाचे. दोहोंत एकच कॉफी, तिसऱ्यात वेगळी. एक निर्भेळ, एक चिकोरीची. चाखणाऱ्याने वेगळा पेला तेवढा ओळखावयाचा. चांगला कोणता ते सांगावयाचे नाही. रंग दिसू नये म्हणून त्यांनी माझ्या डोळ्यांवर आपले उपरणे बांधले. सहा फेऱ्या झाल्या. माझी दोन उत्तरे बरोबर आली. न चाखता नुसते बोट ठेवणाऱ्याचीही सहांत सरासरी दोनच बरोबर येतात, हे गणित यजमानांनी मला गंभीरपणे समजावून दिले.

मग स्वयंपाकघरातून यजमानांच्या पत्नींना बोलाविले. घरातील सर्वजण त्यांना अक्का म्हणत. मीही म्हणू लागलो होतो. त्यांचे वय पंचाहत्तरीच्या घरात. कॉफीविषयी एक शब्दही मी तोवर त्यांच्या तोंडून ऐकला नव्हता. त्यांनी दूध नको म्हणून सांगितले, डोळे नुसते मिटून घेतले आणि प्रत्येक पेल्यातला अर्क चमचाभर घेऊन आवाज करीत ओढला. पाच फेऱ्यांत पाचही उत्तरे बरोबर. सहाव्या फेरीला त्या थांबल्या आणि म्हणाल्या, “हे तिन्ही वेगळे आहेत.” यजमान म्हणाले, “तसे होणार नाही, दोन सारखेच आहेत.” अक्का म्हणाल्या, “कॉफी तीच असेल. पण एक आजची दळलेली आहे आणि एक आजची नाही.” चौकशी करता उघड झाले की, शेवटच्या फेरीला ताजी पूड संपली म्हणून यजमानांनी एका पेल्यासाठी दुसऱ्या डब्यातली, चार दिवसांपूर्वी दळलेली, पूड वापरली होती, आणि त्याने फरक पडेल असे त्यांच्या मनातही आले नव्हते.

तेथे माझ्या ध्यानात आले की, मी चुकीचा प्रश्न धरून बसलो होतो. ‘शुद्ध की मिश्र’ हा दुकानदाराला विचारण्याचा प्रश्न आहे. जिभेला विचारण्याचा प्रश्न निराळा: हिचे वय काय?

मद्याचे वय बाटलीवर साल छापून सांगता येते. तेथेही ‘जुने तितके चांगले’ ही समजूत बहुतांशी खोटीच आहे. जगातील बहुतेक मद्ये दोनचार वर्षांत पिऊन टाकण्यासाठीच केलेली असतात. ज्या थोड्या मद्यांत आम्लता, साखर किंवा द्राक्षसालीचा तुरटपणा यांचा भक्कम साठा असतो तीच वयाबरोबर मुरतात. बाकीची नुसती म्हातारी होतात. कॉफीला मात्र एक वय नसते. तिचे दिवस मोजणारी घड्याळे अनेक, आणि प्रत्येकाची गती निराळी.

हिरव्या, न भाजलेल्या बियांचे घड्याळ सर्वांत सावकाश चालते. नीट वाळवून कोरड्या जागी ठेवली तर कच्ची कॉफी महिनोन्‌महिने टिकते. वर्ष उलटल्यावर हळूहळू तिचा सुवास मावळतो आणि लाकडासारखी चव येऊ लागते. पण हेच वय एका ठिकाणी गुण ठरले, ती हकिकत मोठी गमतीची आहे. शिडाच्या जहाजांच्या काळी मलबार किनाऱ्यावरून निघालेली कॉफी आफ्रिकेला वळसा घालून युरोपास पोहोचावयास महिनेच्या महिने लागत. तळघरातल्या दमट हवेने पोत्यांतील बी फुगे, हिरव्याची पिवळसर होई, तिची आम्लता जाऊन दाट, सौम्य चव येई. १८६९ साली सुवेझचा कालवा खुला झाला, आगबोटी धावू लागल्या, माल ताजा पोहोचू लागला, आणि युरोपातील गिऱ्हाईक कुरकुरले की, ही आमची कॉफी नव्हे! तेव्हा जहाज जे करीत असे ते किनाऱ्यावर करण्यास आरंभ झाला. पश्चिम किनाऱ्यावरच्या हवेशीर गोदामांत जूनपासून सप्टेंबरपर्यंत बिया पसरून ठेवतात, वरखाली करतात, पोती सैल बांधून रचतात. नैर्ऋत्येचा पावसाळी वारा बाकीचे काम करतो. हीच ‘मॉन्सून्ड मलबार’. पोर्तुगालच्या मदेरा बेटावरच्या मद्याचा इतिहास हिच्या सख्ख्या बहिणीसारखा आहे. उष्ण कटिबंधातून जहाजाने फिरून आलेले मद्य अधिक रुचकर झालेले आढळले, म्हणून पुढे ते बेटावरच उबदार माळ्यांवर आणि तापविलेल्या खोल्यांत ठेवून मुरवू लागले. प्रवासाने बिघडलेली वस्तू लोकांना आवडावी आणि मग तो बिघाड घरी बसून परिश्रमपूर्वक घडवावा, यात मनुष्यस्वभावाचाही काही अंश आहे.

भाजल्याबरोबर घड्याळ धावू लागते. भाजताना बी आपल्या वजनाचा सहावा ते पाचवा हिस्सा गमावते आणि तिच्यात शेकडो गंधद्रव्ये निर्माण होतात. कोंडलेला कर्बवायू पुढे काही दिवस बाहेर पडत राहतो. तोवर अर्क थोडा उग्र लागतो. मग दोनतीन आठवडे उत्तम काळ. त्यानंतर हवेतील प्राणवायू तेलांवर आपले काम करतो आणि कॉफी खवट नव्हे, पण मुकी होते. दळल्यावर हेच सारे दिवसांच्या हिशोबात घडते, कारण हवा लागणारा पृष्ठभाग अनेक पटींनी वाढलेला असतो. दुकानात दळताना जो सुवास रस्त्याच्या टोकापर्यंत येतो, तो आपल्या पेल्यातून वजा झालेला असतो.

गाळणीतून उतरलेल्या अर्काला, तिकडच्या भाषेत डिकॉक्शनला, तासांचे वय असते. भोकांच्या वरच्या भांड्यात पूड, तिच्यावर दाबचकती, वरून नुकतेच उकळलेले पाणी. पंधरावीस मिनिटांत खालच्या भांड्यात थेंब थेंब अर्क जमतो. तो पहिला. त्याच पुडीवर पुन्हा पाणी ओतले की दुसरा, फिका आणि कडवट. पहिला अर्कही गरम राखून ठेवला तर त्यातील द्रव्ये फुटून आंबट-कडू होत जातात. म्हणून दुपारी ‘सकाळचा शिल्लक’ अर्क तापविणे हे शहाण्या घरी वर्ज्य मानतात.

राहता राहिले दूध. तंजावरापासून सुमारे ४० किलोमीटरवर कुंभकोणम्, आणि तेथली ‘डिग्री कॉफी’ प्रसिद्ध आहे. हे ‘डिग्री’ म्हणजे दुग्धमापकाचे अंश, दूध पाणी न घातलेले आहे याची हमी, असे सांगतात. काहीजण म्हणतात की, ‘चिकोरी’चाच तो तमिळ जिभेवरचा अपभ्रंश. सरकारी नोकरीत वजनमापांशी संबंध आल्यामुळे मला पहिल्या हमीचे थोडे हसू येते. साय काढून घेतली की दूध अधिक घन होते आणि मापक वर चढतो. मग बेताने पाणी घातले की तो पुन्हा योग्य रेघेवर येऊन उभा राहतो. दोन्ही लबाड्या एकत्र केल्या तर यंत्र गप्प बसते. जीभ गप्प बसत नाही. साय काढलेल्या दुधाची कॉफी घशाखाली उतरताच संपते, मागे काही रेंगाळत नाही.

हे सर्व मला पुस्तकांतून थोडे आणि यजमानांकडून बरेच कळले. पण अक्कांना ते कळले कसे, हे विचारल्यावाचून मला राहवेना. त्या घरी, जसे त्या पिढीच्या अनेक घरी असते तसे, पहिला अर्क वडील मंडळींचा, पाहुण्यांचा व पुरुषांचा. स्वयंपाकघरातल्यांच्या वाट्याला दुसरा. लग्न होऊन आल्यापासून अक्का दुसऱ्या अर्काची कॉफी पीत आल्या होत्या, तीही सगळ्यांची झाल्यावर. मी म्हणालो, “मग पहिल्या अर्काची इतकी बारीक ओळख आपल्याला कशी?” त्या म्हणाल्या, “बाहेर पाठवायच्या आधी चमचाभर पाहावी लागते ना. बिघडलेली पाठवली तर बोलणी कोण खाईल?”

बंगळूरच्या कॉफी मंडळात आणि मोठ्या व्यापाऱ्यांकडे चव पाहणारे तज्ज्ञ असतात. त्यांची रीत मी वाचली होती. दीडशे मिलिलिटर पाण्यास सव्वाआठ ग्रॅम पूड, उकळीच्या किंचित खालचे पाणी, चार मिनिटांनी वरची साय चमच्याने मोडून नाक अगदी जवळ नेऊन वास घ्यावयाचा. मग चमचाभर अर्क जोराने, आवाज करीत ओढावयाचा, म्हणजे त्याचे तुषार होऊन टाळ्यामागून नाकाला पोहोचतात. आणि नंतर तो थुंकून टाकावयाचा. चव म्हणून जे आपण म्हणतो त्याचा मोठा भाग वासाचा असतो. नाक चिमटीत धरून कॉफी पिऊन पाहावी, नुसते कडू पाणी लागेल. हे तज्ज्ञ रोज अनेक पेले पाहतात, पीत एकही नाहीत. अक्कांचा चमचाही तोच. रोज एक, न चुकता, तीच पूड पहिल्या दिवशी, दुसऱ्या दिवशी, आठव्या दिवशी. पन्नासाहून अधिक वर्षे. जाणकाराला लागते ती तुलना, आणि तुलनेला लागते ती आठवण. अक्कांजवळ दोन्हींचा साठा होता, फक्त तिला कोणी कधी विचारले नव्हते. यजमानांनीही नाही. ते त्या दिवशी बराच वेळ काही बोलले नाहीत.

घरी करून पाहण्याची इच्छा असेल त्याने महाग कॉफी आणण्याची घाई करू नये. आहे तीच कॉफी ताजी दळून आणावी, निम्मी त्या दिवशी वापरावी, निम्मी डब्यात ठेवून दहा दिवसांनी नव्या पुडीशेजारी मांडावी. दूधसाखर नको. प्रथम वास घ्यावा, मग गरम असता एक घोट, कोमट झाल्यावर दुसरा. कारण आम्लता आणि गोडी कोमटपणी अधिक स्पष्ट होतात, आणि गरम कॉफी आपले दोष वाफेआड लपविते. पेले कोणाकडून तरी मांडवून घ्यावेत, स्वतः मांडू नयेत.

निघताना अक्कांनी मला अर्धा किलो पूड बांधून दिली. त्यांच्या मते मी भाजलेल्या बिया न्यावयास हव्या होत्या. पण माझ्या घरी दळण्याचे यंत्र नव्हते. पुडीवर त्यांनी दळल्याची तारीख पेन्सिलीने लिहिली आणि सांगितले, “आठ दिवसांपुढे ही पाहुण्यांना देऊ नका.” बाराव्या दिवशी सकाळी एक स्नेही अचानक आले. घरात दुसरी कॉफी नव्हती. मी तीच केली. एक घोट घेऊन ते म्हणाले, वा, हिच्यात चिकोरी नाही हे लगेच कळते.